जवसाचें तेल आणि लाकडी ओटा

आपल्या स्वयंपाकघरांतला ओटा बहुधा दगडाचा असतो. लाकूड तेथें पोळपाट, लाटणें आणि पाट यांपुरतेंच. युरोपांत व अमेरिकेंत मात्र ओट्यावर जाड लाकडी फळी बसविण्याची चाल जुनी आहे. ती काळवंडली म्हणजे गृहस्थ स्वतःच काचकागद घेऊन ती रेषांच्या दिशेनें घासतात आणि तिला पुन्हा तेल पाजतात. आपल्या शहरांतहि असे ओटे कोठें कोठें दिसूं लागले आहेत. आज मला बोलावयाचें आहे तें फळीविषयीं थोडें आणि तेलाविषयीं अधिक.

हें तेल जवसाचें. विदर्भांत ज्याची चटणी करतात तेंच जवस. शेंगदाण्याचें तेल फळीला चोपडलें तर तें महिनोन्‌महिने ओशट राहतें. जवसाचें तेल मात्र घट्ट होऊन त्याची पातळ साय बनते. याला आपण वाळणें म्हणतों, पण तो शब्द फसवा आहे. ओलें धोतर वाळतें तेव्हां त्यांतलें पाणी उडून जातें. जवसाचें तेल उलट हवेंतला प्राणवायु ओढून घेतें, त्याचे रेणु एकमेकांत गुंततात, आणि या क्रियेंत उष्णता निघते.

हा गुण फार पूर्वींपासून ठाऊक आहे. यान व्हॅन आयक यानें तैलरंग शोधून काढला, ही व्हासारीनें १५५० मध्यें छापलेली कथा प्रसिद्ध आहे. परंतु बाराव्या शतकांतल्या थिऑफिलस नांवाच्या साधूच्या ग्रंथांतच जवसाच्या तेलांत रंग खलण्याची कृति आहे. तेल लौकर वाळावें म्हणून जुने कारागीर तें मुरदाडशिंग घालून कढवीत. मुरदाडशिंग म्हणजे शिशाची भस्मासारखी पूड, म्हणजे विषच. हल्लींच्या 'उकळलेल्या' तेलांत बहुधा कोबाल्ट किंवा मँगेनीज यांचे क्षार असतात. ज्या फळीवर कणीक मळावयाची तिला शुद्ध कच्चें तेल द्यावें आणि कांहीं आठवडे धीर धरावा, हें मला अधिक बरें वाटतें.

रंगाच्या डब्यावर धरलेली हीच साय पाहून फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज गृहस्थाला कल्पना सुचली. त्यानें १८६० आणि १८६३ मध्यें एकस्वें घेतलीं, आणि लिनोलियम जन्मास आलें. सुती कापडें टांगून त्यांवर तो तेलाचे थरावर थर देई. हें लिनोलियम स्वयंपाकघराच्या जमिनीवर पसरलें आणि पुढें ओट्यावरहि चढलें. त्याला हटविणारें फॉर्मायका १९१३ मध्यें निघालें तें वीज अडविणाऱ्या अभ्रकाच्या जागीं वापरण्यासाठीं. रेडिओच्या यंत्रांतहि तें असे. दुसऱ्या महायुद्धानंतर ओट्यांवर त्याचेंच राज्य झालें. आतां हौस म्हणून लाकूड परत आलें आहे, आणि त्याच्याबरोबर तेलाचें फडकेंहि.

त्या फडक्यासाठींच ही सारी कहाणी सांगितली. फळीवर तेलाचा थर पातळ असतो, म्हणून उष्णता वाऱ्यानें निघून जाते. तेंच फडकें चुरगाळून कोपऱ्यांत टाकलें तर उष्णता आंत कोंडते, तिच्यामुळें तेल अधिक वेगानें प्राणवायु घेतें, उष्णता आणखी वाढते, आणि कांहीं तासांनीं फडकें आपोआप पेटतें. काडी लागत नाहीं, ठिणगी लागत नाहीं. २३ फेब्रुवारी १९९१ रोजीं फिलाडेल्फियांतल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतींत असेंच झालें. बाविसाव्या मजल्यावर लाकडी तावदानें उजळण्याचें काम चाललें होतें, आणि कामगार जवसाच्या तेलानें भिजलेलीं फडकीं तेथेंच ठेवून गेले. सुटीच्या दिवशीं, रात्रीं, आग लागली. ती सुमारें एकोणीस तास जळत राहिली. तीन अग्निशामक जवान प्राणांस मुकले. तिसाव्या मजल्यावर आपोआप पाणी फवारणाऱ्या दहा तोट्या उघडल्या, आणि ती तेथें अडली. जळकी इमारत १९९९ मध्यें पाडून टाकण्यांत आली.

घरीं ओटा उजळतांना फडकें घडी न करतां, एकेरी पसरून, उघड्यावर दोरीवर टाकावें. तें पुठ्ठ्यासारखें कडक झालें म्हणजे उष्णता निघणें संपलें. तितकी जागा नसेल तर झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत पाणी भरून त्यांत तें बुडवून ठेवावें. कागदी पिशवींत गुंडाळून केराच्या टोपलींत मात्र टाकूं नये. ओटा चकचकीत झाल्यावर, हात धुण्याच्या घाईंत, नेमकें तेंच होतें.