एकाकी वनसंचार (विदर्भ)

एकाकी वनसंचार : सोबती वा वाटाड्या न घेता, वस्तीपासून दूरच्या अरण्यात एकट्याने पायी फिरणे. नागपूरच्या आसमंतात पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला आणि चंद्रपूरकडे ताडोबा-अंधारी अशी व्याघ्रसंचाराची अरण्ये असल्यामुळे हा विषय येथे हौशी भटक्यांपुरता राहत नाही. मोहफुले, तेंदूपत्ता व सरपण यांसाठी रानात शिरणाऱ्या ग्रामस्थांच्या उपजीविकेशी तो निगडित आहे. अभयारण्याच्या हद्दीत परवान्याविना प्रवेश करण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मज्जाव केला आहे. परंतु संकट हद्द पाहून येत नाही.

धोक्यांचे स्वरूप : मार्च-एप्रिलात पहाटे गळालेली मोहफुले वेचण्यासाठी माणूस झाडाखाली ओणवा होतो आणि त्याच फुलांच्या ओढीने अस्वलही तेथे येते, मंद दृष्टीचा व चरण्यात गढलेला हा प्राणी माणूस अकस्मात समोर आला म्हणजे पळण्याऐवजी पुष्कळदा त्याच्या डोक्यावर व चेहऱ्यावर झडप घालतो. मे महिन्यात, विशेषतः नवतपात (कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास वा त्याहूनही वर जातो, सागाची झाडे निष्पर्ण व नाले कोरडे असतात, आणि उष्माघाताने बुद्धी भ्रमिष्ट झालेल्या माणसास आपली वाट चुकत आहे किंवा आपले बोलणे असंबद्ध होत आहे हे स्वतःस उमगत नाही. ते ओळखण्यास दुसरा माणूस लागतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, मात्र ते रुग्णालयातच मिळते. दंश झालेला अवयव निश्चल ठेवून रुग्णास उचलून न्यावे, हा नियम एकट्यास पाळता येत नाही. सारांश, श्वापद, ऊन आणि विष ही संकटे सर्वांस समान असली, तरी त्यांवरील प्रत्येक उपाय दुसऱ्या माणसाचे अस्तित्व गृहीत धरतो, आणि म्हणूनच एकाकीपणा हा स्वतंत्र धोका मानला पाहिजे.

दक्षता : उजाडल्यावर, जमावाने व बोलत जावे, पाणी पुरेसे घ्यावे, आपली वाट व परतण्याची वेळ यांची इत्तला घरी व वनरक्षकास आधी द्यावी. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आणि रुग्णवाहिकेचा १०८ आहे. पण रानात संपर्क तुटतो, तेव्हा सोबत्याची तजवीज झाल्यावाचून कोणीही वनात पाऊल टाकू नये.