पुरण्याची रीत कुणाची?

कबर म्हटली की ती मुसलमानाची आणि पुरण्याची रीत बाहेरून आलेली, असं आमच्या सोलापुरात मी पुष्कळदा ऐकतो. नागपूरजवळ जुनापाणीला सुमारे 300 शिळावर्तुळं आहेत. लोहयुगातली ही दफनं. मृतासोबत मातीची भांडी, लोखंडी हत्यारं ठेवत. माहुरझरीला तर घोड्याचे अवशेष मिळाले. इस्लामच्या हजारएक वर्षं तरी आधीची ही गोष्ट. आपल्या शेजारच्या नळदुर्गला अधिकारी राहिलेल्या मेडोज टेलरनेही 19व्या शतकात सुरपूर भागात अशी थडगी उकरून पाहिली होती.

त्या माणसांचा धर्म आज कुणाला सांगता येत नाही. ती ना आमची, ना तुमची. पण मेलेल्याला अदबीनं मातीच्या हवाली करणं या दख्खनला तेव्हापासून ठाऊक आहे.