आशा सोडणं आणि माणूस सोडणं : ख्रिस्ती शुश्रूषेच्या इतिहासातलं एक प्रकरण

मागच्या व्याख्यानात आपण ‘विश्वास’ या कल्पनेचा प्रवास पाहिला. आज आशेकडे वळू. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात विश्वास, आशा आणि प्रीती ही तीन नावं एका ओळीत येतात. विश्वासावर ग्रंथ भरपूर, प्रीतीवर प्रवचनं भरपूर. आशा ही मधल्या भावंडासारखी. घरात असते, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

सुरुवात आपल्या भाषेपासूनच करू. मराठीत आशेबद्दल फारसं चांगलं बोललं जात नाही. आपण ‘वेडी आशा’ म्हणतो, ‘आशेला लावून ठेवलं’ म्हणतो. एक जुनं संस्कृत सुभाषित तर आशेला अजब बेडी म्हणतं : जो बांधला जातो तो धावत सुटतो आणि जो सुटतो तो जागीच बसतो. आणि इस्पितळाच्या व्हरांड्यात ऐकू येणारं एक वाक्य आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे : ‘डॉक्टरांनी आशा सोडली.’ आजचं व्याख्यान या एका वाक्याबद्दल आहे, असं समजा. आशा सोडली म्हणजे नेमकं काय सोडलं?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकात भेटला नाही. वीसेक वर्षांपूर्वी आमचे एक सहकारी कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. आम्ही तिघं-चौघं त्यांना भेटायला गेलो. ‘काही होत नाही हो, पुढच्या सत्रात तुम्हाला वर्गावर घेऊन जाणार,’ असं आम्हीच म्हणालो. ते हसले आणि म्हणाले, ‘माझ्याशी खरं बोलणारं कुणी उरलंय का?’ आम्ही घड्याळाकडे पाहिलं. सत्य म्हणजे काय, हे तीस वर्षं शिकवणारी आम्ही माणसं! नंतर पुन्हा जायचं राहूनच गेलं. राहून गेलं म्हणणं सोपं आहे; खरं तर आम्ही टाळलं.

हे ओझं घेऊन आम्ही जेव्हा थॉमस अक्वायनसकडे परत गेलो, तेव्हा तो वेगळा वाचता आला. तेराव्या शतकातल्या या तत्त्वज्ञाने आशेची काटेकोर व्याख्या केली आहे. आशेचा विषय चांगला असतो, भविष्यातला असतो, कठीण असतो, तरीही शक्य असतो. चारपैकी एक जरी अट गळली तरी ती आशा राहत नाही. सोपं असेल तर ती नुसती इच्छा. अशक्य असेल तर आशेला जागाच नाही. आणि आशेविरुद्धची पापं तो दोन सांगतो. एक निराशा, हे सगळ्यांना कळतं. दुसरं म्हणजे फाजील भरवसा : सगळं आपोआप ठीक होईल असं गृहीत धरणं. आता त्या खोलीतलं चित्र बघा. ‘आता काही करण्यासारखं नाही’ ही निराशा. ‘काही होत नाही, बरे व्हाल’ हा फाजील भरवसा. एका खाटेच्या दोन बाजूंना दोन्ही उभे, आणि रोगी मध्ये एकटा. आमचा समज होता की आम्ही आशा देत होतो.

चर्चमध्ये रोग्याकडे, दुःखिताकडे, मरणाऱ्याकडे जाणाऱ्या सेवेला पाळकीय सेवा म्हणतात. ‘पाळक’ या शब्दामागे मेंढपाळाची प्रतिमा आहे. मेंढपाळाचं काम कळपाबरोबर चालणं. पण या कामात आशेचं स्थान काय, हे सगळ्या काळांत सारखं नव्हतं.

1347 ते 1351 या वर्षांत युरोपात प्लेगची महामारी आली. इतके धर्मगुरू मेले की मरणाऱ्याच्या उशाशी जायला अनेक ठिकाणी पाळकच उरला नाही. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला एक छोटं लॅटिन पुस्तक तयार झालं, ‘आर्स मोरिएंडी’, म्हणजे मरण्याची कला. पुढे लाकडी ठशांवरून छापलेल्या त्याच्या चित्रमय आवृत्त्या निघाल्या, कारण पुष्कळांना वाचता येत नव्हतं. मरणाऱ्याला पाच मोह घेरतात असं ते सांगतं : अविश्वास, निराशा, अधीरता, आध्यात्मिक गर्व आणि मालमत्तेची आसक्ती. निराशेच्या चित्रात भुतं रोग्याला त्याच्या पापांची यादी दाखवतात. समोरच्या चित्रात ख्रिस्ताला नाकारलेला पेत्र, वधस्तंभावरचा चोर, मग्दालिया मरिया आणि घोड्यावरून कोसळलेला पौल. यांना क्षमा मिळाली, मग तुला का नाही?

आम्हाला महत्त्वाची वाटते ती या पुस्तकातली आणखी एक सूचना. मरणाऱ्याला शरीराने बरं होण्याची फार आशा दाखवू नका, असं ते मित्रांना बजावतं. सहाशे वर्षांपूर्वीची ही सूचना आम्हाला त्या खोलीत आठवली असती तर! अर्थात या पुस्तकाची मर्यादाही सांगायला हवी. तिथली आशा जवळजवळ सगळी मरणापलीकडची आहे. या बाजूला रोगी वेदनेने तळमळत असेल, तर त्याला सहनशीलतेचा उपदेश मिळतो.

पुढचा टप्पा एकोणिसाव्या शतकातला. त्या काळच्या बऱ्याच इस्पितळांत ‘असाध्य’ रोग्यांना घेत नसत. खाटा बऱ्या होणाऱ्यांसाठी राखीव. 1842 मध्ये फ्रान्समधल्या लियों शहरात जान गार्निये या तरुण विधवेने मरणासन्न लोकांच्या सेवेसाठी विधवांची एक संघटना उभी केली. तिची स्वतःची दोन मुलं दगावली होती. यात्रेकरूंच्या विसाव्याच्या जागेसाठी असलेला ‘हॉस्पिस’ हा जुना शब्द मरणाऱ्यांच्या घराला लागू होऊ लागला तो इथून. 1879 मध्ये डब्लिनला आयरिश सिस्टर्स ऑफ चॅरिटी यांनी असंच घर उघडलं आणि 1905 मध्ये पूर्व लंडनमधल्या हॅकनी या गरीब वस्तीत सेंट जोसेफ्स हॉस्पिस. इथे प्रार्थना होती, स्वच्छ चादर होती, माया होती. वेदनेवरचं शास्त्र मात्र अजून यायचं होतं.

ते आणलं सिसिली सॉन्डर्स यांनी. जन्म 1918. ऑक्सफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून युद्धकाळात परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटलं, मग इस्पितळातल्या समाजसेविका झाल्या. 1945 च्या सुमारास त्यांची ख्रिस्ती श्रद्धा जागी झाली. 1947 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांना डेव्हिड तास्मा भेटला. पोलंडमधून आलेला ज्यू, वय सुमारे चाळीस, हॉटेलात वेटर, शस्त्रक्रिया न करता येणारा कर्करोग, आणि लंडनमध्ये नात्याचं कुणी नाही. आपण जगलो काय, मेलो काय, कुणाला पत्ता लागणार नाही, हे त्याचं दुःख होतं.

एकदा त्याने सॉन्डर्सबाईंना मनाला दिलासा देणारं काही म्हणायला सांगितलं. त्यांनी तेविसावं स्तोत्र तोंडपाठ म्हटलं. ते ज्यूंचंही आणि ख्रिस्ती लोकांचंही. मग त्यांनी विचारलं, पुढचं वाचून दाखवू का? तो म्हणाला, वाचून नको. तुमच्या मनात आणि हृदयात जे आहे तेवढंच हवं. त्या रात्री घरी जाऊन बाईंनी एकशे तिसावं स्तोत्र पाठ केलं. इथे थोडं थांबू या. पुस्तकातली आशा वाचून दाखवता येते. तास्माला हवी होती ती देणाऱ्याच्या आत मुरलेली. पाळकीय सेवेवरच्या जाडजूड ग्रंथांतलं मर्म त्या एका मागणीत आलं, असं आम्हाला वाटतं.

फेब्रुवारी 1948 मध्ये तास्मा गेला. मरणाऱ्यांसाठी एक घर उभारावं, असं त्या दोघांचं बोलणं झालं होतं. त्या घरातली एक खिडकी आपली असावी म्हणून त्याने मागे 500 पौंड ठेवले. खिडकी आधी आली, तिच्याभोवती घर बांधायला 19 वर्षं लागली. मधल्या काळात बाई सेंट ल्यूक्स या जुन्या घरात संध्याकाळी स्वयंसेविका म्हणून जात. तिथे वेदना उफाळायची वाट न पाहता मॉर्फिनचे डोस ठरलेल्या वेळी तोंडावाटे देत. इतर ठिकाणी रोग्याने विव्हळायचं, मग मागायचं, मग वाट पाहायची. हे बदलायचं असेल तर काय करावं, असं त्या विचारू लागल्या, तेव्हा नॉर्मन बॅरेट या शल्यविशारदाने त्यांना डॉक्टर व्हायला सांगितलं. कारण काय दिलं? मरणाऱ्याला सोडून जातात ते डॉक्टरच. बघा, पुन्हा तेच क्रियापद : सोडणं. तिशी ओलांडलेल्या बाई वैद्यकीय शाळेत बसल्या आणि 1957 मध्ये डॉक्टर झाल्या.

1958 पासून त्या हॅकनीच्या सेंट जोसेफ्समध्ये काम करू लागल्या. सिस्टरांच्या मायेला त्यांनी नोंदवही आणि घड्याळ यांची जोड दिली. हजारावर रोग्यांच्या नोंदी केल्या. मॉर्फिन नीट दिलं तर रोगी गुंगीत पडून राहत नाही, हे त्यांनी दाखवलं. त्या रोग्याला बोलू द्यायच्या. एका बाईने सांगितलं की दुखणं पाठीत सुरू झालं, पण आता आपलं सगळंच बिघडल्यासारखं वाटतं. आणि मग गोळ्यांबद्दल, घरच्यांच्या नोकरीबद्दल, पैशाबद्दल, एकटेपणाबद्दल ती बोलत राहिली. यातून 1964 च्या सुमारास ‘समग्र वेदना’ ही कल्पना पुढे आली : शरीराची, मनाची, संसाराची आणि आत्म्याची वेदना, एकमेकींत गुंतलेली.

जुलै 1967 मध्ये लंडनच्या सिडनम भागात सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झालं. पाया ख्रिस्ती, आत प्रार्थनामंदिर. पण रोगी आणि कर्मचारी कोणत्याही धर्माचे किंवा कोणताच धर्म न मानणारेही चालतील, असं ठरलं. मरणशय्येवर धर्मांतर करवून घेण्याचा मोह ख्रिस्ती सेवेच्या इतिहासात खराच आहे, तो लपवायचं कारण नाही. सुरुवातीच्या काळात बाई स्वतःही उत्साही प्रचारकी वळणाच्या होत्या. पण तास्मा आपल्या पूर्वजांच्या देवाशी आपल्या पद्धतीने समेट करून गेला, असं त्यांना वाटलं आणि ते त्यांनी मानलं. आमच्या मते ही त्यांची मोठी झेप. आशा देणाऱ्याने तिची किंमत वसूल करायची नसते.

आता तुमच्यातलं कुणीतरी मार्क्स आठवत असेल. 1844 मध्ये त्याने धर्माला जनतेची अफू म्हटलं. आक्षेप वजनदार आहे. परलोकाच्या आशेने इहलोकातलं दुःख झाकलं जातं, हे ‘आर्स मोरिएंडी’बाबत आपण आत्ताच मान्य केलं. पण इथली गंमत बघा. मार्क्सच्या काळात अफू हे घरोघरचं वेदनाशामक होतं, आणि मॉर्फिन अफूपासूनच निघतं. सॉन्डर्सबाईंनी खरीखुरी अफू वापरली, तीही रोग्याने जागं राहावं म्हणून. वेदना थांबली की माणूस मुलीशी बोलतो, भावाशी तुटलेलं जोडतो, उद्या खिडकीतून झाड दिसेल म्हणून झोपतो. अक्वायनसच्या चारही अटी इथे लागू पडतात. चांगलं, पुढचं, कठीण, तरीही शक्य. बरं होणं अशक्य झालं तेव्हा आशा संपली नाही, तिचा विषय बदलला. शिकागोत 1965 मध्ये धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्याकडे मदत मागायला आले, आणि त्यातून मरणासन्न रोग्यांच्या मुलाखती सुरू झाल्या. 1969 च्या आपल्या पुस्तकात त्यांनीही हेच नोंदवलं, की सगळ्या अवस्थांतून कुठलीतरी आशा टिकून राहते.

हा धागा आपल्याकडेही आला. 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला डॉ. लुईस डिसोझा या कर्करोग शल्यविशारदाने शांती अवेदना आश्रम सुरू केला. भारतातलं हे पहिलं हॉस्पिस. नाव किती नेमकं! वेदना नसलेली शांती. तिथे सिस्टर सेवा करतात आणि रोग्याचा धर्म विचारात घेतला जात नाही. पण आदल्याच वर्षी, 1985 मध्ये, अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा झाला होता. व्यसनाच्या धास्तीने मॉर्फिनचे परवाने इतके किचकट झाले की अफू पिकवणाऱ्या आपल्या देशात कर्करोगाच्या रोग्याला मॉर्फिन मिळेना. हा कायदा सुधारायला 2014 साल उजाडलं. मधल्या काळात तळमळत गेलेल्यांचा विचार केला की कळतं : आशा ही भावना आहे तशी व्यवस्थाही आहे. परवाना, कपाटाची किल्ली, रात्रपाळीची परिचारिका, हे सगळं तिच्यात येतं. नुसती प्रार्थना करणारा आणि नुसती गोळी देणारा, दोघंही अर्धंच काम करतात.

सॉन्डर्सबाई 2005 मध्ये वारल्या, त्यांच्या स्वतःच्या सेंट ख्रिस्तोफर्समध्येच.

आता आपल्या वाक्याकडे परत येऊ. ‘डॉक्टरांनी आशा सोडली.’ बरं होण्याची आशा सोडावी लागते, कधी कधी ती सोडणंच प्रामाणिकपणाचं असतं. पण तिच्याबरोबर आपण माणूसही सोडून देतो, तिथे चूक होते. मराठीत आशा ‘दाखवतात’, पण धीर ‘देतात’. दाखवायचं ते लांबून दाखवता येतं. द्यायचं तर जवळ जावं लागतं. ख्रिस्ती शुश्रूषेच्या या इतिहासात ‘आशा’ या शब्दाचा अर्थ हळूहळू आपल्या ‘धीर’ या शब्दाजवळ येत गेला, असं आमचं वाचन आहे. तुम्ही ते तपासून पाहा.

आमच्या सहकाऱ्यांना आम्ही काय सांगायला हवं होतं? बहुधा फार काही नाही. ‘आम्ही गुरुवारी परत येतो,’ एवढं म्हणायचं, आणि गुरुवारी जायचं.

पुढच्या वेळी प्रीती. आता प्रश्न घेऊ.