रेल्वेत नोकरीची सुरुवात: मार्केट यार्डच्या तरुणांसाठी माहिती

मार्केट यार्डात हमाली, तोलाई किंवा टेम्पोवर काम करणाऱ्या घरांतली अनेक मुले दहावी-बारावीनंतर एकच प्रश्न विचारतात: रेल्वेत लागता येईल का? येईल. पण कोणत्या जागेसाठी काय लागते आणि कोणता कागद आधी काढायचा, हे माहीत हवे.

मनमाड ते आज

12-13 फेब्रुवारी 1938 रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली झाली. आपला कामगार गँगमनच राहतो, पोर्टरचीही जागा त्याला मिळत नाही, हे गाऱ्हाणे बाबासाहेबांनी तिथे मांडले. पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामे करावी लागत आणि तिथे अस्पृश्य चालत नसे. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात असताना 1943 मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत 8.33 टक्के आरक्षण आले. आज खुल्या स्पर्धेच्या केंद्रीय भरतीत अनुसूचित जातींसाठी ते 15 टक्के आहे. म्हणून फक्त ‘ग्रुप डी’चाच फॉर्म भरून थांबू नका.

कोणती जागा, कोणते शिक्षण

लेव्हल 1 (ट्रॅक मेंटेनर, पॉइंट्समन, हेल्पर): दहावी किंवा आयटीआय. लेखी परीक्षेनंतर शारीरिक चाचणी असते. मुलांना 35 किलो वजन घेऊन 2 मिनिटांत 100 मीटर आणि 4 मिनिटे 15 सेकंदांत 1000 मीटर. मुलींना 20 किलो घेऊन 2 मिनिटांत 100 मीटर आणि 5 मिनिटे 40 सेकंदांत 1000 मीटर.

एनटीपीसी: बारावीवर तिकीट क्लार्क, ट्रेन्स क्लार्क, ज्युनिअर क्लार्क, पदवीवर स्टेशन मास्तर, मालगाडीचा ट्रेन मॅनेजर. बारावीला 50 टक्क्यांची अट अनुसूचित जातीच्या उमेदवारांना लागू नाही.

असिस्टंट लोको पायलट: दहावी आणि ठरावीक ट्रेडचा आयटीआय, किंवा इंजिनिअरिंग डिप्लोमा. चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांची नजर 6/6 लागते. अभ्यासाला लागण्याआधी डोळे तपासून घ्या.

ॲप्रेंटिस: मध्य रेल्वे आयटीआय झालेल्यांना दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर घेते, लेखी परीक्षा नसते. पुणे विभागातही या जागा असतात. नोकरीची हमी नाही. मात्र रेल्वेत ॲप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना लेव्हल 1 भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात.

संगणकावरील परीक्षा मराठीतून देता येते. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात.

दाखल्यात अडकू नका

1990 च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्रातही आरक्षण मिळाले. पण रेल्वेला केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला लागतो आणि त्यात अनुसूचित जातींच्या यादीतील मूळ जात असावी लागते. नुसते ‘बौद्ध’ लिहिलेल्या कागदावर राखीव जागा मिळत नाही. परीक्षा पास होऊन कागदपत्र तपासणीत बाद होण्यासारखे दुःख नाही.

दाखला उपविभागीय अधिकारी देतात. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 रोजी कुटुंब कुठे राहत होते, हे पाहतात. मराठवाड्यातून किंवा सोलापूरकडून पुण्यात आलेल्या कुटुंबांना त्यासाठी गावच्या तालुक्याला जावे लागू शकते. वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आजच शोधा. दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि जातीचा दाखला यांत नाव एकसारखे आहे का, तेही पाहा.

एक घोळ टाळा. बौद्ध अल्पसंख्याक म्हणून परीक्षा शुल्कात सवलत मिळते, पण ती म्हणजे आरक्षण नव्हे. आरक्षणासाठी फॉर्मवर ‘एस.सी.’ हाच पर्याय निवडावा लागतो. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना वयात 5 वर्षे सूट आहे. 250 रुपये शुल्क पहिल्या परीक्षेला बसल्यावर बँक खर्च वजा जाता परत मिळते. परीक्षेला जाण्यासाठी रेल्वेचा मोफत प्रवास पासही असतो, पण त्यासाठी फॉर्म भरतानाच दाखल्याची माहिती द्यावी लागते.

तयारी आणि फसवणूक

पुण्यातच मुख्यालय असलेली बार्टी संस्था अनुसूचित जातीच्या उमेदवारांसाठी बँक-रेल्वे परीक्षांचे मोफत प्रशिक्षण राबवते. तिच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. भरतीची सूचना रेल्वे भरती मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावर येते. पैसे घेऊन रेल्वेत लावतो म्हणणारा फसवतोच, मग तो ओळखीचा असो वा समाजाचा.

विहारात किंवा वाचनालयात बसणाऱ्या कार्यकर्त्यांनी एक काम करावे: भरती निघण्याची वाट न पाहता वस्तीतल्या दहावी झालेल्या प्रत्येक मुलामुलीचा केंद्राच्या नमुन्यातील दाखला काढून द्यावा. अभ्यास मुले करतील, पण दाखल्याला वेळ लागतो.