कोणती तारीख लिहू?

भारत स्वतंत्र कधी झाला? एका गुणाचा प्रश्न. आमच्या परभणी जिल्ह्यात मात्र याला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. भाची आठवीत आहे. इतिहास-नागरिकशास्त्राचा अभ्यास घ्यायचं काम माझ्याकडे असल्यामुळे हा घोळ मलाच निस्तरावा लागतो.

"मामा, १५ ऑगस्ट १९४७ लिहायचं ना? मग १७ सप्टेंबरला आपण परत झेंडावंदन का करतो?"

पेपरात १५ ऑगस्टच लिही, म्हटलं. पण त्या दिवशी सेलूला आमच्या आजीच्या घरावर राज्य होतं निझामाचं. हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं नव्हतं. २९ नोव्हेंबर १९४७ ला जैसे थे करार झाला, रझाकारांचा धुमाकूळ वाढला. त्यांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील, म्हणजे आपल्याच मराठवाड्यातला. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य आत शिरलं आणि १७ ला निझामाने हत्यार टाकलं. तेरा महिने उशीर. पण म्हणून लोक तोवर गप्प बसले होते असं नाही बरं का. महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ साली परतूरला भरलं होतं, आणि परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. १९८१ साली ते जालन्यात गेलं.

पुढचा प्रश्न युनोचा. सुरक्षा परिषद काय करते? मी घरचंच उदाहरण दिलं. ऑगस्ट १९४८ मध्ये निझाम सरकारने भारताविरुद्ध तिथे तक्रार केली. मोईन नवाज जंग यांचं शिष्टमंडळ पॅरिसला पोचलं. १६ सप्टेंबरला परिषद बसली, विषय चर्चेला घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी इकडे सगळा कारभार आटोपला! नंतर निझामाने तक्रार मागे घेत असल्याची तार केली. पॅरिसमध्ये भाषणं चालली होती ती आपल्या शेता-वावरांबद्दल, हे ऐकून भाची जाम खूश.

खरी मजा नागरिकशास्त्रात आहे. राज्यघटना कोणी स्वीकारली? पुस्तकी उत्तर, लोकांच्या प्रतिनिधींनी, घटना समितीत. पण त्या समितीत हैदराबादचा एकही प्रतिनिधी नव्हता. आमच्याकडे घटना आली ती २३ नोव्हेंबर १९४९ च्या निझामाच्या फर्मानाने! प्रजेला नागरिक करणारा कागद राजाच्या सहीने निघाला. बरं, राजेसाहेब गेले का? छे. २६ जानेवारी १९५० पासून तेच राजप्रमुख, म्हणजे साधारण इतर राज्यांतल्या राज्यपालासारखे, ते थेट १९५६ पर्यंत. मधे १९५२ ची निवडणूक झाली. आजीने आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं, आणि परभणीने लोकसभेवर पाठवले ते शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे. १९५६ ला आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. आजीने घराचा उंबरा न सोडता निझामाचं संस्थान, हैदराबाद राज्य, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशी चार राज्यं केली. असो.

शेवटचा प्रश्न मात्र अवघड निघाला. "रझाकार गेल्यावर सगळं शांत झालं का?"

इथे बहुतेक मोठी माणसं विषय बदलतात. मला ते पटत नाही. रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली, हे आपल्या घराघरांत सांगितलं जातं. पोलीस अ‍ॅक्शननंतर त्याचा सूड निरपराध मुसलमानांवर उगवला गेला, हे सांगितलं जात नाही. नेहरूंनी चौकशीला पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि शेजारचं नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले. अहवाल कित्येक दशकं प्रसिद्धच झाला नाही.

हे सगळं मी तिला सांगितलं, आकड्यांसकट. तेरा वर्षांची पोर आहे, समजतं तिला. तिच्या वर्गात दोन्हीकडच्या घरांतली मुलं एका बाकावर बसतात, आणि १९४८ ची एकेक गोष्ट दोन्ही घरांत पणजीपासून चालत आलेली आहे.