एका वर्गात दोन शिक्षक, पण शिकले कुठे?

एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. सहावी, गणिताचा तास, फळ्यावर अपूर्णांक. सर शिकवतायत आणि मागच्या बाकापाशी एक मॅडम उभ्या आहेत. त्या स्पेशल एज्युकेटर. पण तासभर काम काय, तर एका मुलाची वही पूर्ण करून घेणं! दोघांचं भांडण वगैरे काही नाही. एकत्र शिकवायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. असं का झालं? तीच आजची गोष्ट.

आधी अमेरिकेत जाऊ, कारण को-टीचिंगची चर्चा तिथे खूप झाली. 29 नोव्हेंबर 1975 ला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी एका कायद्यावर सही केली. दिव्यांग मुलांना सरकारी शाळेत मोफत शिक्षण, तेही शक्य तितकं इतर मुलांसोबत. मुलं वर्गात आली, पण शिक्षकांच्या पदव्या वेगवेगळ्याच राहिल्या. 1995 मध्ये लिन कुक आणि मॅरिलिन फ्रेंड यांनी दोघांनी मिळून शिकवायच्या पद्धती मांडल्या. एकाने शिकवायचं, दुसऱ्याने मदत करायची. किंवा वर्ग अर्धा-अर्धा वाटून तोच धडा घ्यायचा. किंवा दोघांनी एकत्र फळ्यापाशी उभं राहायचं.

आणि प्रत्यक्षात? 2007 मध्ये स्क्रग्ज आणि सहकाऱ्यांनी 32 अभ्यास एकत्र तपासले. सर्वांत जास्त दिसली ती पहिलीच पद्धत, आणि मदतनीस बहुतेक वेळा स्पेशल एज्युकेटरच! शिक्षक काय मागत होते? एकत्र तयारीला वेळ आणि प्रशिक्षण.

आता आपल्याकडे या. 1974 मध्ये केंद्राने दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेत आणायची योजना सुरू केली. पण शिक्षक घडवणारी घरं दोन झाली. विशेष शिक्षकांसाठी भारतीय पुनर्वास परिषद, कायदा 1992 चा. बाकीच्यांसाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, कायदा 1993 चा. बी.एड. दोन्हीकडे, पण अभ्यासक्रम वेगळे. 2014 च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि सर्वसमावेशक शाळा हा विषय त्यात आला. पण एक पेपर लिहिणं वेगळं आणि दुसऱ्या शिक्षकासोबत तास घेणं वेगळं.

सहावी ते आठवीत हे जास्त अडतं. खालच्या वर्गांत बहुतेकदा एकच बाई सगळं शिकवतात. इथे तासागणिक शिक्षक बदलतो, म्हणजे स्पेशल एज्युकेटरला पाच-सहा जणांशी जुळवून घ्यावं लागतं. ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या टप्प्यावर 15 विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं. चला, आकडा तरी ठरला. पण नेमणूक झाली म्हणजे जोडी जमली असं नाही ना!

म्हणून सुरुवात इंटर्नशिपपासूनच व्हायला हवी. दोन्ही अभ्यासक्रमांचे विद्यार्थी एका शाळेत, पाठाचं टाचण दोघांचं मिळून, आणि मुख्य म्हणजे खडू आलटूनपालटून दोघांच्या हातात.

तुमच्यापैकी कुणी बी.एड. करत असेल, तर हा भाग वर्गाच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या भागात!