सेवापुस्तकातले मानपान

३१ मे हा महाराष्ट्रात शाल आणि नारळ विकणाऱ्यांचा सुगीचा दिवस. कारण साधं आहे. एका अख्ख्या पिढीच्या जन्मतारखा गुरुजींनी ठरवल्या. पोराला शाळेत घालायला आणलं की आईला एवढंच आठवायचं, बेंदराच्या आगेमागे झालं. गुरुजी १ जून लिहून मोकळे. आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला नोकरदार आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, असा नियम. त्यामुळे वीजखातं, एसटी, जिल्हा परिषद, शाळा, सगळीकडे एकाच संध्याकाळी निरोप समारंभ. मी सातारा जिल्ह्यात वीजखात्याच्या एका विभागीय कार्यालयात आस्थापना शाखेत नोकरी केली, निम्नस्तर लिपिक ते उच्चस्तर लिपिक. त्या संध्याकाळी आम्हाला एका मांडवातून उठून दुसऱ्या मांडवात जावं लागे, आणि दोन्हीकडे तीच भाषणं ऐकावी लागत.

वीजखात्यात माणसाचा गौरव कसा होत आला, असं कुणी विचारलं तर लोक या समारंभांकडे बोट दाखवतील. मी कपाटाकडे दाखवीन. शाल-श्रीफळ हे शेवटच्या दिवसाचं. मधल्या पस्तीस वर्षांत लाइनमनचा मान कुठे असेल तर तो सेवापुस्तकात आणि ज्येष्ठता यादीत होता.

सेवापुस्तक ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पहिल्या पानावर नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, उंची, अंगावरच्या ओळखखुणा. कपाळावर जखमेचा व्रण, उजव्या हातावर तीळ, असं काहीबाही. खाली डाव्या हाताच्या पाचही बोटांचे ठसे. पुढची पानं नोंदींची: नेमणूक, वेतनवाढ, बदली, रजा, शिक्षा, बढती. प्रत्येक नोंदीपुढे आदेशाचा क्रमांक, तारीख आणि अधिकाऱ्याची सही. नव्या जागेवर रुजू झाला की मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर तेही लिहायचं, कारण अर्ध्या दिवसानेही ज्येष्ठता वरखाली होऊ शकते. बाहेरच्यांना हा निव्वळ कारकुनी खेळ वाटतो. खांबावर चढणाऱ्या माणसाला तसं वाटत नसे. वर्षातून एकदा पुस्तक दाखवून सही घ्यायची वेळ आली की तो हात पुसून खुर्चीत बसायचा आणि मागची पानंही उलटून बघायचा.

ज्येष्ठता यादी एवढी मोलाची का झाली, ते कळायला १९६० मध्ये जावं लागेल. १ मेला राज्य झालं आणि पन्नास दिवसांनी, २० जूनला, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झालं. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याखाली आधी मुंबई राज्याचं मंडळ होतंच. पण नव्या राज्यात विदर्भ जुन्या मध्य प्रांतातून आला होता आणि मराठवाडा निजामाच्या हैदराबादेतून. प्रत्येक भागातल्या नोकरांची पदं वेगळी, पगार वेगळे, नियम वेगळे. त्यात शहराशहरांतल्या खासगी वीज कंपन्या मंडळाने पुढे एकेक करून ताब्यात घेतल्या आणि त्यांची माणसंही आली. आता कोण कुणाला ज्येष्ठ? कामाला कुणीही वाकबगार असेल, पण पुढची जागा रिकामी झाली तर पहिला हक्क कुणाचा? भरतीचे आणि ज्येष्ठतेचे नियम लिहून काढणं हे त्या काळी तारा ओढण्याइतकंच निकडीचं काम होतं.

ताराही झपाट्याने ओढल्या जात होत्या. १९६२ मध्ये कोयनेची वीज सुरू झाली, पाठोपाठ भुसावळ, नाशिक, कोराडीची औष्णिक केंद्रं आली, विहिरींवर मोटेच्या जागी पंप बसले. खातं वाढतं तेव्हा बढत्याही भराभर होतात. माझ्या आधीच्या पिढीतले लोक सांगायचे, हेल्पर म्हणून लागलेला माणूस पाहता पाहता असिस्टंट लाइनमन होई, मग लाइनमन, आणि नशीब असेल तर लाइन इन्स्पेक्टर. विस्तार मंदावला तशी ही शिडी दाटली. वरचा हलल्याशिवाय खालच्याला पायरी नाही.

त्यावर तोडगा निघाला तो १९७४ च्या एका सर्वसाधारण आदेशाने. खात्यात कुणालाही विचारा, ‘जीओ चौऱ्याहत्तर’ म्हटलं की डोळे चमकतात. एकाच पदावर ठरावीक वर्षं अडकून पडलेल्याला पद तेच ठेवून वरच्या पदाची वेतनश्रेणी द्यायची, हे त्याचं सार. राज्य शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी कालबद्ध पदोन्नतीची योजना १९९५ मध्ये आणली. म्हणजे वीज मंडळ या बाबतीत वीसेक वर्षं पुढे होतं, ही गोष्ट आम्ही झेडपीतल्या मैत्रिणींना मुद्दाम ऐकवत असू. अशा गोष्टी साहेबांच्या मर्जीने मिळत नाहीत. वीज कामगारांच्या संघटना दांडग्या होत्या, ए. बी. बर्धन यांच्यासारखा नेता नागपुरातून या कामगारांचं काम करत वर आला. वेतन करारातल्या एकेका कलमामागे वाटाघाटींच्या रात्री असतात.

ज्येष्ठता यादी १ जानेवारीच्या स्थितीची निघे. आधी तात्पुरती, मग हरकती, मग अंतिम. ती नोटीस बोर्डावर लागली की दुपारच्या सुटीत तिथे दाटी व्हायची. एक लाइनमन मामा होते, यादीची झेरॉक्स घडी घालून खिशात बाळगायचे. कुणी निवृत्त झाला की बॉलपेनने रेघ. ‘मॅडम, वरचे दोघं मेमध्ये जातायत. मग माझा नंबर लागतोय का बघा की.’ वरचे लोक फक्त निवृत्तीने कमी होत नसत. लाइनवर काम करताना शॉक लागून माणूस गेला, तरी यादीतलं एक नाव कमी होईच, आणि त्याच्या खालच्या सगळ्यांचा क्रमांक एकाने वर जाई. त्यानंतरचे काही दिवस मामांची घडी खिशाबाहेर आलेली मी पाहिली नाही. पण कधी ना कधी ती रेघ त्यांनाही मारावीच लागे.

बढतीचा आदेश आला की पेढे. आमच्याकडे कंदीच, दुसरे चालत नसत. मोठे समारंभ वगैरे नाही. टेबलाटेबलावर पुडा फिरायचा, आणि देणारा प्रत्येकाच्या पाया पडायचा किंवा हात जोडायचा, वयाप्रमाणे. निरोपाची शालसुद्धा बहुतेक वेळा सहकाऱ्यांच्या वर्गणीतून येई. कौतुकाचा खर्च कामगारांनी आपसांत केला आणि कौतुकाची नोंद कार्यालयाने ठेवली, अशी ही वाटणी होती. मला ती वाईट वाटत नाही.

वाईट वाटे ते गोपनीय अहवालाचं. वर्षाकाठी साहेब प्रत्येकाबद्दल शेरा लिहीत आणि तो पाकिटात बंद होई. सरकारी नोकरीत सगळीकडे रीत अशी, की प्रतिकूल शेरा असेल तर तेवढा कळवायचा. म्हणजे एखाद्याने तुफान पावसात रात्र जागून फीडर चालू केला आणि साहेबांनी मनापासून चार ओळी लिहिल्या, तर त्या ओळी पदोन्नती समिती वाचणार. ज्याच्याबद्दल लिहिल्या तो मात्र कधीच वाचणार नाही. शिव्या उघड आणि शाबासकी गुप्त! २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात स्पष्ट केलं, की चांगला असो वाईट असो, शेरा संबंधिताला कळवलाच पाहिजे. या निकालाने एखाद्याची बढती सुटली असेल, पण माझ्या लेखी त्याचं मोठेपण वेगळं आहे. आपल्याबद्दल बरं लिहिलं गेलंय, हे माणसाला नोकरीत असताना कळू लागलं.

बढती सगळ्यांना हवीच असते, असं नाही. आस्थापना शाखेत बसल्याशिवाय ही गोष्ट कळत नाही. बढती म्हणजे बहुधा बदली. दोन एकर बागायत, म्हातारी आई आणि दहावीतली मुलगी असलेला माणूस दीडशे किलोमीटरवरच्या जागेसाठी पेढे कसा वाटेल? तो लेखी नकार देतो, आणि आपण ‘पदोन्नती नाकारली’ अशी नोंद घेतो. राज्य शासनात याला आणखी एक वळण होतं. वर्ग चारचा कर्मचारी ६० व्या वर्षी निवृत्त होतो, वरच्या वर्गाचा ५८ व्या. म्हणून सत्तावन वर्षांच्या शिपायाला लिपिकाची बढती मिळाली की त्याची बायको आधी हिशेब मांडते. मान घ्यायचा की दोन वर्षांचा पगार? मी ओळखत असलेल्या घरांत पगार जिंकला.

आणि काहींच्या नोकरीतला सर्वांत मोठा टप्पा बढतीच्या कितीतरी आधी येई. तो आकडा म्हणजे २४०. औद्योगिक विवाद कायद्यात वर्षात २४० दिवस काम म्हणजे सलग सेवा धरत, आणि मुंबईच्या आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे तेवढे दिवस भरलेला तात्पुरता कामगार कायम होण्याचा हक्क सांगू शके. त्यामुळे देशभर अनेक मालकांनी दोनशेतिसाव्या दिवसाच्या आसपास माणसाला घरी बसवण्याची युक्ती शोधली आणि न्यायालयांतले खटल्यांचे गठ्ठे वाढले. खड्डे खणणाऱ्या, खांब ओढणाऱ्या मजुराला लग्नाची तारीख विचारली तर तो अडखळेल, पण मस्टरवरचे दिवस त्याला तोंडपाठ असत. पुढचा टप्पा पाच वर्षांचा, कारण १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीचा हक्क तिथे लागे: दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. खात्याने सांगण्याआधी कायद्यानेच माणसाला सांगितलं, की तुझ्या इतक्या वर्षांना इतकी किंमत आहे.

६ जून २००५ ला मंडळाचे भाग होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. माझ्यासमोरच्या कपाटांना नवी लेबलं चिकटली, आतली पुस्तकं तीच. पुढे हळूहळू नोंदी संगणकात गेल्या. भरतीची पहिली पायरी आता ‘विद्युत सहायक’. तीन वर्षं ठोक मानधनावर काढायची आणि मग तंत्रज्ञ म्हणून नियमित व्हायचं. आयटीआयतून वीजतंत्री, तारतंत्री शिकलेल्या मुलीही या वाटेने आल्या. एकीची तीन वर्षं पूर्ण झाल्याचा आदेश घेऊन तिचे वडीलच पेढे द्यायला आले होते. नोंद मुलीची आणि पहिला पेढा कुणी कुणाला भरवायचा यावर बापलेकीत वाद!

आता वरूनही सन्मान होतात. १ मेला उत्कृष्ट तांत्रिक कर्मचाऱ्यांचा सत्कार होतो. कामगार कल्याण मंडळाचे गुणवंत कामगार पुरस्कार आहेतच. ते मंडळ १९५३ च्या कायद्यातून आलेलं. मुंबईत बेस्टवाले ७ ऑगस्टला बेस्ट दिन साजरा करतात, कारण १९४७ साली त्याच दिवशी पालिकेने कंपनी ताब्यात घेतली. गेल्या काही वर्षांत ४ मार्चला लाइनमन दिवस सुरू झालाय. १९६६ साली राष्ट्रीय सुरक्षा परिषद याच तारखेला स्थापन झाली होती, म्हणून तोच राष्ट्रीय सुरक्षा दिनही. हा योग मला फार आवडतो. हातमोजे आणि अर्थिंगची शपथ घ्यायची आणि त्याच मंचावर गुलाबाचं फूल घ्यायचं. जो माणूस तीस वर्षं लाइनवर राहून दहाही बोटांनिशी घरी गेला, त्याच्याइतका सत्काराला लायक दुसरा नाही.

पण त्या मंचासमोर हल्ली निम्म्या खुर्च्यांवर कंत्राटदारामार्फत आलेली मुलं असतात. खांबावर तीही चढतात, फूल त्यांनाही मिळतं. त्यांची ज्येष्ठता यादी निघत नाही, आणि सेवापुस्तकही नाही. मागे ओळखीतला एक मुलगा भविष्य निधीचं पासबुक मोबाइलवर उघडून मला दाखवत होता. यूएएन क्रमांक एकच, खाली मात्र मालकांची नावं एकाखाली एक, ज्या ज्या वर्षी ठेका बदलला त्या त्या वर्षीची. रुजू झाल्याची तारीख प्रत्येक नावापुढे नवी. ‘मॅडम, यात माझी सर्व्हिस किती धरायची?’ मी कागद घेतला, मधल्या रिकाम्या दिवसांसकट सगळ्या तारखा क्रमाने लिहिल्या, आणि खाली त्याची सही घेतली. काम सगळी वर्षं एकाच उपकेंद्रावर केलंय, हे शेरा रकान्यात लिहिलं.